विहिरीवरचा डोळा आणि जरासा सरकणारा कॅमेरा

१९६६ साली नेदरलँड्समध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा एक माहितीपट तयार झाला. चौदा वर्षांचा हेर्मान नावाचा अंध मुलगा हा त्याचा विषय. हेर्मान स्वभावानं गोडगोजिरा वगैरे अजिबात नाही. तो हट्टी आहे, बोलका आहे, स्वतःचं नाव व्हावं अशी त्याला इच्छा आहे. मोटारींच्या शर्यतीच्या ठिकाणी गेल्यावर तो गाड्यांचे आवाज स्वतःच्या तोंडानं इतके हुबेहूब काढतो, की खरी गाडी कुठली आणि हेर्मान कुठला हे क्षणभर कळत नाही. आपण त्याच्यात गुंतत जातो. आणि मग एकाएकी दिग्दर्शकाचा आवाज सांगतो, की आता आम्ही हेर्मानला इथंच सोडून स्पेनला निघालो आहोत, दुसऱ्या चित्रपटासाठी. चित्रपटात शेवटी सगळं आकारच असतं, हेर्मानही एक आकारच, असं म्हणून तो त्या लाडक्या छोट्या आकाराचा निरोप घेतो.

पहिल्यांदा ऐकताना हे फार कठोर वाटतं. जिवंत मुलाला कोणी आकार म्हणतं का? पण थोडा विचार केला की लक्षात येतं, हे इतक्या प्रामाणिकपणे फार कमी दिग्दर्शक कबूल करतात. अर्धा तास आपण पाहिला तो पडद्यावरचा हेर्मान होता, कोणीतरी चित्रित केलेला, कापलेला, जोडलेला. खरा हेर्मान चित्रपट संपल्यावर घरी गेला, जेवला, मोठा झाला. त्याचं आयुष्य चित्रपटात मावलेलं नाही आणि मावणारही नव्हतं.

हा दिग्दर्शक म्हणजे योहान व्हान डर क्योकन. जन्म अ‍ॅमस्टरडॅममध्ये, ४ एप्रिल १९३८. मृत्यू त्याच शहरात, ७ जानेवारी २००१. पन्नासच्या वर लहानमोठे चित्रपट त्यानं केले, आणि जवळपास सगळे माहितीपट. पण माहितीपट म्हटलं की आपल्याला जे आठवतं, म्हणजे मागून येणारा धीरगंभीर आवाज, नकाशे, तज्ज्ञांच्या मुलाखती, त्यातलं इथं जवळजवळ काहीच नाही. म्हणून हे चित्रपट अवघड आहेत असं म्हटलं जातं. माझ्या मते ते अवघड नाहीत, फक्त आपली सवय वेगळी आहे. एक-दोन गोष्टी ठाऊक असल्या की ते उघडत जातात.

सुरुवात फोटोपासून करावी लागेल, कारण त्याचीही तिथूनच झाली. बारा वर्षांचा असताना आजोबांनी त्याला फोटो काढायला शिकवलं. सतराव्या वर्षी, १९५५ मध्ये, त्याचं पहिलं पुस्तक छापून आलं. नाव साधं, ‘आम्ही सतरा वर्षांचे आहोत’. त्यात त्याच्या शाळेतल्या मित्रमैत्रिणींचे फोटो होते. कोणी खिडकीशी बसलंय, कोणी सिगारेट ओढतंय, कोणी नुसतंच विचारात. युद्धानंतरच्या त्या काळात तरुण म्हणजे हसतमुख, उमेदीचे, अशी अपेक्षा होती आणि या पुस्तकात कोणी हसत नव्हतं. वडीलधाऱ्यांना ते खटकलं. मग शिष्यवृत्ती मिळवून तो १९५६ मध्ये पॅरिसच्या चित्रपट शिक्षण संस्थेत गेला. तिथलं शिक्षण मोठ्या स्टुडिओच्या पद्धतीचं होतं: खूप माणसं, प्रत्येकाचं ठरलेलं काम. त्याचं मन त्यात रमलं नाही. तो कॅमेरा घेऊन पॅरिसचे रस्ते हिंडत राहिला. त्या फोटोंचंही पुढं १९६३ मध्ये पुस्तक झालं.

फोटोग्राफरचं हे मूळ लक्षात ठेवायचं, कारण त्याच्या चित्रपटांची किल्ली तिथं आहे. ती किल्ली म्हणजे चौकट.

आपल्या घरांमध्ये जुने ग्रुप फोटो असतात. लग्नातला, मुंजीतला, शाळेच्या निरोप समारंभातला. अशा एखाद्या फोटोच्या अगदी कडेला बघा. कित्येकदा कोणाच्या तरी खांद्यावर एक हात दिसतो आणि त्या हाताचा माणूस फोटोत नसतो. तो कडेच्या पलीकडे राहिला. फोटो काढणाऱ्याला हातभर मागं सरकायला जागा नव्हती, किंवा त्या माणसाची त्याला फिकीर नव्हती. पण तो हात आपल्याला सांगत राहतो, की जग इथं संपलेलं नाही, फक्त फोटो संपलाय.

चित्रपटात हे आपण विसरतो. पडदा मोठा, अंधार गुडुप, आवाज चहूकडून. जे दिसतंय तेच संपूर्ण जग आहे असं वाटू लागतं. बहुतेक दिग्दर्शकांना तेच हवं असतं. व्हान डर क्योकनला ते नको होतं. म्हणून त्यानं एक अगदी छोटी गोष्ट केली, आणि ती आयुष्यभर केली. कॅमेरा एखाद्या चेहऱ्यावर स्थिर आहे. माणूस बोलतोय. मध्येच चौकट किंचित बाजूला सरकते. चेहरा अर्धा कापला जातो, मागची भिंत, खिडकीची कड दिसते. मग कॅमेरा परत येतो. कधी दोनदा, तीनदा, एखाद्या झटक्यासारखा.

बातम्यांमध्ये कॅमेरा सरकतो तेव्हा त्याला काहीतरी दाखवायचं असतं: जळालेली बस, रडणारी बाई. इथं तसं काही सापडत नाही. नुसती भिंत. पण त्या सरकण्यानं तीन गोष्टी होतात. कॅमेऱ्यामागं एक हाडामासाचा माणूस आहे हे जाणवतं, त्याचा श्वाससुद्धा. त्यानं आत्तापर्यंत ही भिंत बाहेर ठेवली होती, म्हणजे तो निवड करत होता, हे कळतं. आणि समोरचा माणूस चौकटीपेक्षा मोठा आहे, तो तिथून निसटू शकतो, हेही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘काहिए द्यु सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकात सत्तरच्या दशकात त्याच्याबद्दल गांभीर्यानं लिहिलं जाऊ लागलं, सेर्ज दानेसारखा समीक्षक त्याच्या मागं उभा राहिला, त्यात या सरकणाऱ्या चौकटीचा वाटा मोठा होता.

हे शक्य होण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. तो स्वतःच कॅमेरा चालवायचा, बहुतेक वेळा खांद्यावर घेऊन. दिग्दर्शक एका बाजूला खुर्चीत आणि कॅमेरामन दुसरीकडं, अशी वाटणी नव्हती. आवाजाची बाजू पुढं त्याची पत्नी नोश्का व्हान डर लेली सांभाळायची. म्हणजे बरेचदा एक नवरा आणि एक बायको, एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसरीच्या हातात मायक्रोफोन, एवढाच सगळा ताफा. अशा दोन माणसांना लोक घरात घेतात, चहा देतात, विसरूनही जातात. संगीत अनेकदा विलेम ब्रॉयकर या सॅक्सोफोनवादकाचं. जॅझमध्ये वादक ठरलेल्या धूनपासून निसटतो आणि परत येतो. कॅमेऱ्याचं ते सरकणं आणि हे निसटणं एकाच जातीचं आहे असं मला नेहमी वाटत आलंय. अमेरिकन सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर साठच्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमला राहायला आला, तेव्हा त्याच्यावरही व्हान डर क्योकननं १९६७ मध्ये माहितीपट केला.

नेदरलँड्सची माहितीपटांची परंपरा त्याच्याआधीही मोठी होती. योरिस इवेन्सचं नाव जगभर झालेलं होतं. बर्ट हान्स्ट्राच्या ‘काच’ या छोट्या चित्रपटाला १९६० मध्ये ऑस्कर मिळालं. तो चित्रपट सुरेख आहे: काच फुंकणारे कारागीर, यंत्रं, जॅझच्या ठेक्यावर चालणारं संकलन, सगळं एकमेकांत चपखल बसलेलं. व्हान डर क्योकनचं भांडण या चपखलपणाशी होतं. जगात सगळं असं जुळत नाही, मग पडद्यावर का जुळावं?

सत्तरच्या दशकात हा प्रश्न राजकीय झाला. ‘डायरी’ (१९७२), ‘पांढरा किल्ला’ (१९७३) आणि ‘नवं हिमयुग’ (१९७४) हे तीन चित्रपट जगाचा श्रीमंत उत्तर भाग आणि गरीब दक्षिण भाग यांच्या संबंधाबद्दल आहेत. ‘नवं हिमयुग’मध्ये नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ख्रोनिंगन भागातला आइस्क्रीमचा कारखाना आहे. तिथं काम करणाऱ्या एका कुटुंबातल्या भावंडांना ऐकू कमी येतं, आणि कारखान्यात यंत्रांचा अखंड गोंगाट. यांची दृश्यं चालू असताना चित्रपट थेट पेरूला जातो, गरिबांच्या वस्तीत, आणि पुन्हा कारखान्यात येतो. मध्ये कोणी सांगत नाही की यांचा त्यांच्याशी संबंध काय. दोन दृश्यं शेजारी ठेवली आहेत, एवढंच. गोधडीत दोन वेगळ्या साड्यांचे तुकडे शेजारी येतात तसं. टाका दिसतो, तो लपवलेला नाही. मधला दुवा आपण शोधायचा: इथलाही माणूस यंत्राला बांधलेला आहे, तिथलाही, एकाची पगाराची पाकिटं आणि दुसऱ्याची भूक एकाच बाजाराच्या दोन बाजू आहेत. प्रामाणिकपणे सांगायचं तर या तीन चित्रपटांतला काही भाग आज जड जातो. त्या काळच्या घोषणांचा वास त्यांना आहे. पण दोन दूरच्या गोष्टी शेजारी ठेवून गप्प राहायची जी हिंमत त्यानं इथं कमावली, ती पुढं कधी सुटली नाही.

‘सपाट जंगल’ (१९७८) हा वाडन समुद्रावरचा चित्रपट त्यामानानं किती मोकळा आहे! वाडन म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र. ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलातले किडे, ते खणून विकणारी माणसं, कोळी, किनाऱ्यावर येऊ घातलेले उद्योग. किड्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना सारख्याच लक्षपूर्वक नजरेनं पाहिलंय. कोकणात ओहोटीच्या वेळी चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातली वाकलेली पाठ ओळखीची वाटेल.

आणि मग १९८८ चा ‘विहिरीवरचा डोळा’. मराठी वाचकानं एकच चित्रपट पाहायचा ठरवला तर मी हा सांगेन, कारण तो केरळात घडतो आणि त्याच्या मुळाशी आपल्या ओळखीची गोष्ट आहे.

गोष्ट अशी. रानात एका माणसामागं वाघ लागतो. तो पळत झाडावर चढतो, फांदी वाकते आणि तो कोरड्या विहिरीवर लोंबकळतो. उंदीर फांदी कुरतडताहेत. खाली साप वळवळताहेत. विहिरीच्या कडेला गवताचं एक पातं, त्याच्या टोकाला मधाचा थेंब. माणूस तो थेंब चाटतो.

महाभारतात स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला जवळपास हीच गोष्ट सांगतो. युद्ध संपलेलं आहे, शंभर मुलं गेली आहेत, आणि विदुर म्हाताऱ्या राजाला रान, विहीर, झाड कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर आणि वरून ठिबकणारा मध यांचं रूपक सांगतो. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र, मध म्हणजे विषयसुख. कीर्तनात किंवा घरातल्या थोरांकडून ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. आपल्याकडं तिचा रोख ठरलेला असतो: बघा, मरण समोर असताना हा मूर्ख मध चाटतोय.

व्हान डर क्योकन तो रोख काढून टाकतो. तो गोष्ट ठेवतो आणि न्याय करत नाही. मग कॅमेरा केरळच्या रोजच्या जगण्यात शिरतो. पैसे व्याजानं देणारा एक माणूस गावोगाव फिरतो, छोट्या छोट्या दुकानदारांकडून, घरांतून वसुली करतो. मुलं वेदपठण शिकताहेत, कोणी कळरीपयट्टूचे, म्हणजे केरळच्या पारंपरिक युद्धकलेचे, हात करतंय, कोणी गाणं, कोणी नृत्य. केरळी नंबुद्री ब्राह्मणांच्या परंपरेत वेदाचे स्वर शिकवताना गुरू विद्यार्थ्याचं डोकं हातात धरून वर, खाली, बाजूला करतो. स्वर कानातून जातो तसा मानेतूनही जातो. शरीरानं शिकणं म्हणजे काय, हे समजायला याहून चांगला दाखला नाही, आणि खांद्यावर कॅमेरा घेऊन जग शिकणाऱ्या माणसाला केरळात नेमकं याचंच आकर्षण वाटावं हे साहजिक आहे.

परदेशी माणूस भारतात येऊन चित्रपट करतो म्हटलं की आपण जरा सावध होतो, आणि ते योग्यच आहे. साप, साधू आणि गरिबी यांच्या पलीकडं न गेलेले कितीतरी चित्रपट आपण पाहिले आहेत. या चित्रपटावरही आक्षेप घेता येईल. कोण कुठल्या जातीचं, ही विद्या कोणाला खुली होती आणि कोणाला नव्हती, हे तो उलगडून सांगत नाही. मला ती उणीव वाटते. पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं बोलते. विद्या आणि पैसा त्यानं एकाच धाग्यात ओवले आहेत. पठणाच्या दृश्यांना सावकाराची फेरी शिवते. प्राचीन, निर्मळ, काळाबाहेरचा भारत असं काही तो दाखवत नाही. तिथं कर्ज आहे, व्याज आहे, वसुली आहे. विहीर आहे आणि मधही आहे.

१९९६ चा ‘अ‍ॅमस्टरडॅम ग्लोबल व्हिलेज’ हे त्याचं सगळ्यात मोठं काम, लांबीनंही. चार तासांहून थोडा अधिक. अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे अर्धवर्तुळात एकाबाहेर एक असे पसरलेत. चित्रपटही तसाच वळणं घेत जातो. मोरोक्कन कुटुंबातला एक तरुण मोटरसायकलवरून शहरभर पाकिटं पोचवतो. त्याच्यामागून आपण फिरतो. बोलिव्हियातून आलेला एक वादक भेटतो आणि चित्रपट त्याच्याबरोबर अँडीजमधल्या त्याच्या गावी जाऊन येतो. चेचन्याचा एक व्यापारी भेटतो आणि त्याच्याबरोबर आपण युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रोझनीत, चेचन्याच्या राजधानीत, पोचतो. एक वृद्ध ज्यू बाई नाझी काळातल्या आपल्या घरात पुन्हा पाऊल टाकते. स्थलांतरावरचं एकही भाषण नाही. पण प्रत्येक घराच्या भिंतीपलीकडं एक दूरचा डोंगर किंवा पडलेलं शहर आहे, हे इतकं पक्कं बसतं की त्यानंतर कुठल्याही महानगरातल्या कुरियरवाल्याकडं नुसतं कुरियरवाला म्हणून पाहता येत नाही. चौकट जराशी सरकवण्याची ती जुनी सवय इथं पृथ्वीएवढी झाली आहे. आधी भिंतीची कड दिसायची, आता ग्रोझनी दिसतं.

चार तासांची धास्ती वाटत असेल तर आधी ‘बेपी’ (१९६५) पाहावा. शेजारच्या दहा वर्षांच्या खोडकर मुलीवरचा हा चित्रपट कोणालाही आवडेल. मग हेर्मान, मग केरळ, आणि मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅम. मोबाईलवर मात्र पाहू नये. कडेला काय चाललंय हे ज्याच्या चित्रपटात सगळ्यात महत्त्वाचं, त्याला तळहाताएवढ्या पडद्यावर पाहण्यात काही हाती लागत नाही.

१९९७ मध्ये त्याची बहीण कर्करोगानं गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत तो कॅमेरा घेऊन तिच्यासमोर बसला आणि दोघं बोलले: लहानपण, आईवडील, राग, मरण. १९९८ मध्ये आलेल्या त्या चित्रपटाचं नावच ‘शेवटचे शब्द, माझी बहीण’. कॅमेरा इथं फारसा हलत नाही. ज्यानं आयुष्यभर चौकट सरकवली तो बहिणीसमोर स्थिर राहतो, हे पाहताना गळा दाटून येतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी त्यालाही सांगितलं की प्रोस्टेटचा कर्करोग पसरलाय, थोडीच वर्षं हातात आहेत. त्यानं आणि नोश्कानं ठरवलं, प्रवासाला निघायचं. भूतान, नेपाळ, बुर्किना फासो, माली, ब्राझील, अमेरिका. त्यातून झालेला ‘दीर्घ सुट्टी’ हा चित्रपट २००० मध्ये आला. नावाचा अर्थ कळतो तेव्हा काळजात हलतं. डच भाषेत शाळेच्या मोठ्या सुट्टीला, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीसारख्या सुट्टीला, हेच म्हणतात.

या प्रवासात त्याला नेहमीचा जड कॅमेरा पेलवेनासा झाला, म्हणून काही भाग छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केलाय. वजन कमी झाल्यावर हात सैल पडतो, चौकटीचा तोल बदलतो. खांद्यावरचं ओझं हा त्याच्या शैलीचा भाग होता हे तेव्हा उमगतं. एका ठिकाणी तो म्हणतो, की प्रतिमा घडवता येत नसतील तर मी मेलोच. हे वाक्य अतिशयोक्त वाटत नाही, कारण चित्रपटभर तो तेच करतोय: दवाखान्यात बसलाय, अहवालातले आकडे ऐकतोय, आणि मग हिमालयातला एक चेहरा, आफ्रिकेतल्या नदीकाठची धूळ, रिओच्या वस्तीतली मुलं डोळे भरून पाहतोय. केरळच्या चित्रपटात जी गोष्ट त्यानं दुसऱ्यांची म्हणून सांगितली होती, त्या विहिरीवर आता तो स्वतः लोंबकळत होता. उंदरांचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. आणि मधाच्या थेंबाला त्यानं त्याही वेळी मोह म्हटलं नाही.

त्यानंतरही तो एका चित्रपटावर काम करत होता. तो पुरा झाला नाही. जेवढं चित्रण झालं होतं तेवढं त्याच्या पश्चात, २००२ मध्ये, एक छोटा चित्रपट म्हणून दाखवलं गेलं. त्याचं नाव व्याकरणातलं आहे. डच मुलं शाळेत वर्तमानकाळ शिकतात त्यातलीच ती संज्ञा, आणि तिचं मराठी भाषांतर करावं लागत नाही, आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात ती तयारच आहे: ‘अपूर्ण वर्तमान’. तो पाहत आहे. कॅमेरा सरकत आहे.